भूतदयेचा पाठ आणि वनभागातील शाळा

भूतदया हा विषय पाठ्यपुस्तकात सोपा दिसतो. चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनभागात मात्र तो शिक्षकाची कसोटी पाहतो. 'प्राण्यांना मारू नये' असे फळ्यावर लिहावे, तर समोरच्या एखाद्या मुलाचा बाप आदल्याच दिवशी शिकारीस गेलेला असतो. मुलास बापाची लाज वाटावी असा पाठ देणे, हीही एक निर्दयताच होय.

या दृष्टीने हेमलकशाचे उदाहरण अभ्यासण्याजोगे आहे. भामरागड तालुक्यातील या गावी बाबा आमटे यांनी १९७३ साली लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, पुढे डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तो चालविला. प्रारंभीच्या काळात डॉ. प्रकाश यांना शिकारीहून परतणारे माडिया लोक भेटले. त्यांच्याजवळ मेलेली माकडीण होती आणि तिचे जिवंत पिल्लू तिला बिलगलेले होते. तेही खाण्यासाठीच चालले होते. डॉक्टरांनी उपदेश केला नाही. तांदूळ देऊन पिल्लू मागून घेतले. ही शिकार मौजेची नव्हे, भुकेची आहे, हे त्यांनी ओळखले. पुढे अनाथ पिल्ले आणून द्यावी व मोबदला न्यावा असा परिपाठ पडला आणि अस्वले, बिबटे, हरणे यांचे अनाथालय उभे राहिले. त्याच्या जोडीला दवाखाना होता, १९७६ पासून शाळाही होती. हे विसरून केवळ प्राण्यांची गोष्ट सांगितल्यास पाठ अपुरा राहील.

वरच्या वर्गात एक प्रश्न अवश्य चर्चेस घ्यावा. माणसाच्या हातावर वाढलेला बिबट्या रानात परतून आपली शिकार आपण करू शकेल काय? नसेल, तर जीव वाचविला पण रान हिरावले, असा आक्षेप प्राणिहिताचे कार्यकर्ते घेतात. तो वावगा नाही. मुलांना दोन्ही बाजू मांडू द्याव्यात.

१९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा व १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा थोडक्यात सांगावा. पण अभ्यास मुलाच्या हाताशी असलेल्या गोष्टींचा घ्यावा: जुवाने सोललेली बैलाची मान, बाजारात उलट्या टांगून नेलेल्या कोंबड्या, खिशातली गलोल.

ज्या घरातील माणूस वाघाने मारला, त्या घरच्या मुलाकडून वाघावर निबंध मागू नये. त्याचा राग ऐकून घ्यावा. मग केव्हातरी, पहाटे एकट्याने वाकून मोहफुले वेचणे धोक्याचे का, आणि सोबतीने, बोलत-चालत का जावे, हे सर्व वर्गास समजावून द्यावे.