पात्यांविना फिरणारे टर्बाइन

पवनचक्की असो वा पोफळीच्या वीजगृहातील पेल्टन टर्बाइन, वारा किंवा पाणी पात्यांवर अथवा वाट्यांवर आदळते आणि चाक फिरते. पात्यांशिवायही टर्बाइन फिरू शकते, हे निकोला टेस्ला यांनी दाखवून दिले. त्यांच्या या रचनेस अमेरिकेत १९१३ मध्ये एकस्व मिळाले. शाळेच्या कार्यशाळेत तिची लहान प्रतिकृती करता येते.

तत्त्व : हवेलाही चिकटपणा असतो. पृष्ठभागालगतचा तिचा पातळ थर त्यास धरून राहतो व त्याला आपल्याबरोबर ओढतो. जवळजवळ बसविलेल्या सपाट तबकड्यांच्या कडेशी स्पर्शरेषेच्या दिशेने झोत सोडला, की हवा तबकड्यांना फिरवीत सर्पिल मार्गाने मध्याकडे जाते व तेथून बाहेर पडते.

रचना : निकामी संगणकांच्या हार्ड डिस्कमधील ९५ मि.मी. व्यासाच्या पाच-सहा ॲल्युमिनियमच्या तबकड्या घ्याव्यात. काचेच्या घेऊ नयेत. त्यांच्या मध्यभागी २५ मि.मी.चे छिद्र असतेच. सर्व तबकड्या एकत्र बांधून मध्याजवळ तीन छिद्रे एकाच वेळी पाडावीत. प्रत्येक जोडीत सुमारे अर्ध्या मि.मी. जाडीचे वॉशर घालून तीन बोल्टांनी हा संच एका भरीव तबकडीस जोडावा आणि ती आसावर पक्की करावी. आसाची दोन्ही बेअरिंगे याच बाजूस ठेवल्यास समोरची बाजू हवा बाहेर पडण्यास मोकळी राहते. संचाभोवती जाड पोलादी नळाचे आवरण असावे.

दक्षता : आस आडवा ठेवून संच हाताने हळू फिरवावा. प्रत्येक वेळी तीच बाजू खाली येत असेल, तर तेथील धातू किंचित घासावा. मिनिटाला १०,००० फेऱ्या झाल्यास तबकडीच्या कडेचा वेग ताशी सुमारे १८० कि.मी. होतो. वेग दुप्पट झाला की धातूवरील ताण चौपट होतो. खुद्द टेस्लांच्या यंत्रातील तबकड्याही अतिवेगाने वाकल्या होत्या. म्हणून कॉम्प्रेसरची हवा नियामकातून अल्प दाबानेच सोडावी, विद्यार्थ्यांना तबकड्यांच्या रेषेत उभे करू नये आणि वाफेचा प्रयोग कदापि करू नये.

मर्यादा : हे शिकण्याचे साधन आहे, गावाच्या विजेचे नव्हे. सेकंदाला २० लिटर पाणी ५ मीटरवरून पडत असेल, तर त्यात जेमतेम १ किलोवॉट शक्ती असते. या प्रकारच्या चांगल्या टर्बाइनची कार्यक्षमताही प्रयोगांत ४० टक्क्यांच्या आसपासच आढळली आहे. कोयनेसारख्या प्रकल्पांतील टर्बाइनची ती ९० टक्क्यांच्या घरात असते. तेव्हा अशा यंत्राचा प्रस्ताव ग्रामपंचायतीपुढे आल्यास प्रथम ओढ्याचा प्रवाह व पाण्याच्या पडीची उंची मोजावी, प्रत्यक्ष मिळालेल्या विजेचे आकडे मागावेत आणि मगच निधीचा विचार करावा.