किल्ली फिरवली की नुसतं ‘टक्’

प्रश्न : माझी २००४ ची पेट्रोल कार सकाळी एका झटक्यात सुरू होते. नशिराबादहून जळगावला जाऊन बाजार केला, की परतताना नुसतं ‘टक्’ वाजतं. अर्ध्या तासाने आपोआप सुरू! बॅटरी नवी टाकली आहे.
– एक वाचक, नशिराबाद

उत्तर : बॅटरीवर उगाच पैसे गेले, असं वाटतं. गार असताना शहाणी आणि तापली की रुसणारी गाडी बहुधा अर्थिंगच्या केबलमध्ये किंवा स्टार्टरमध्ये अडलेली असते. तांबं तापलं की विजेला जास्त अडवतं. त्यात खानदेशातला मे महिना!

रुसेल तेव्हाच तपासा. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर, दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर धरून कुणाला तरी किल्ली फिरवायला सांगा. अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा गेला, तर अर्थिंगचा बोल्ट खोलून पॉलिश पेपरने घासा. हिरवट भुकटी निघेलच.

तिथे ठीक असेल, तर सोलेनॉइडच्या बारीक वायरवर मोजा. किल्ली फिरवल्यावर दहा व्होल्टही येत नसतील, तर दोष किल्लीच्या स्विचमध्ये किंवा वायरिंगमध्ये. पुरेसे येऊनही नुसतं ‘टक्’ होत असेल, तर स्टार्टरचे कार्बन नाहीतर सोलेनॉइडचे कॉन्टॅक्ट झिजलेत. स्टार्टर खोलायला लावा. अख्खा नवा घेण्याची घाई नको.