नंबर गेला तरी डोळा तोच

बुलढाणा

चि. बाळास,

चष्म्याचा नंबर उणे आठ असला तरी चष्मा लावल्यावर सगळं स्वच्छ दिसतं, म्हणजे डोळे चांगले आहेत, असं तू धरून चालला आहेस. ही समजूत तू सोडावीस म्हणून हे पत्र. चष्मा प्रकाश नेमक्या जागी आणतो, डोळ्याची घडण बदलत नाही. साधारण डोळा पुढून मागे 24 मिलिमीटरच्या आसपास असतो. उणे सहाच्या पलीकडे तो बहुधा 26 च्या वर जातो. या वाढीबरोबर आतला पडदा, म्हणजे दृष्टिपटल, ताणला जातो. कडेला तो विरळ होतो, तिथे भोक पडू शकतं, आणि त्यातून पाणी मागे शिरलं की पडदा सुटतो. मूळ दुखणं भोकात आहे आणि ते बंद केलं पाहिजे, हे स्वित्झर्लंडच्या ज्यूल गोनँ यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात दाखवून दिलं. आजचे उपचार त्याच पायावर उभे आहेत.

तू म्हणशील, लेसरने नंबरच काढून टाकतो. खुशाल काढ, पण त्यात फक्त डोळ्याच्या पुढच्या काचेसारख्या भागाला आकार देतात, लांबी आणि ताण तसेच राहतात. दुखत नाही म्हणशील, तर पडद्याला वेदना कळतच नाही. शिबिरात तपासलं म्हणशील, तर तिथे मुख्यतः मोतीबिंदू आणि नंबर पाहतात. पडद्याची कड पाहायला औषध टाकून बाहुली मोठी करावी लागते. मोठा नंबर असलेल्या बहुतेकांचा पडदा कधीच सुटत नाही, हेही खरं. म्हणूनच घाबरू नकोस, पण वर्षातून एकदा ही तपासणी चुकवू नकोस.

अचानक काळे ठिपके वाढले, डोळ्यात वीज चमकल्यासारखं झालं, कडेने सावली सरकू लागली किंवा सरळ रेघ वाकडी दिसली, तर सोयाबीनची सोंगणी आटोपू दे असं म्हणू नकोस. पडद्याचा मधला भाग सुटण्याआधी शस्त्रक्रिया झाली तर नजर बहुधा वाचते. नंतर पडदा बसला तरी पहिल्यासारखं दिसेलच असं नाही. बुलढाण्याला रेल्वे नाही. अकोला किंवा छत्रपती संभाजीनगरला जायचं तर निम्मा दिवस प्रवासातच जातो, म्हणून कुठे जायचं ते आजच ठरवून ठेव. पहिली तपासणी येत्या सुट्टीतच करून घे. औषधाने काही तास अंधुक दिसतं. त्या दिवशी मोटारसायकल घरी ठेव आणि कुणाला तरी सोबत ने.

तुझा मामा