परतीच्या वाटेचा हिशेब

कार्यक्रम कसा आखावा ह्याविषयी आपल्याकडे मार्गदर्शनाची वाण नाही. अध्यक्ष कोणाला करावे, हार कोणाच्या हस्ते घालावा, आभार किती लांबवावेत, चहा मध्यंतरात द्यावा की शेवटी, ह्या सर्व गोष्टींचा खल आपल्या मंडळांतून तासन् तास चालतो. पण कार्यक्रम संपल्यावर जमलेली माणसे घरी कशी जाणार, हा विषय कोणत्याही कार्यक्रमपत्रिकेत छापलेला मी अद्याप पाहिलेला नाही. तो ज्याचा त्याचा खासगी प्रश्न समजला जातो. माझे म्हणणे असे की, एखाद्या बैठकीला कोण येणार आणि कोण येणार नाही, हे व्याख्यात्याच्या नावावरून जितके ठरत नाही तितके ह्या न छापलेल्या बाबीवरून ठरते.

हा प्रश्न मुळात नवा आहे, हे आधी ध्यानात घेतले पाहिजे. आपल्या जुन्या समाजात रात्रीचे मेळावे काही कमी नव्हते. श्रावणातल्या मंगळवारी मंगळागौर जागवीत, फुगड्या-झिम्मा-पिंगा करीत बायका रात्र काढीत. कोकणात दशावताराचा खेळ उशिरा रात्री उभा राही आणि पहाटे दहीकाल्याने संपे. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ पुण्यात रंगभूमीवर आले, त्यानंतरच्या संगीत नाटकांचे प्रयोगही रात्री सुरू होऊन उजाडेपर्यंत चालत. प्रयोग इतके लांब का, ह्याचे उत्तर आपण पदांच्या संख्येत आणि ‘वन्स मोअर’मध्ये शोधतो. ते बरोबरच आहे; परंतु पहाटे सुटलेला प्रेक्षक अंधारातून नव्हे, झुंजुमुंजू उजेडातून घरी जात असे, ही सोयही त्यात होती, असे मला वाटते. दुसरा प्रकार भोंडल्याचा. तो आळीतल्या आळीत, ह्या अंगणातून त्या अंगणात. म्हणजे आपल्या पूर्वजांनी (आणि विशेषतः पूर्वज स्त्रियांनी) रात्रीच्या परतीचे दोनच मार्ग ठेवले होते: एकतर रात्रभर जागा, नाहीतर घराच्या हाकेच्या अंतरात राहा.

तिसरा मार्ग रेल्वेने आणला. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली, १९२५ साली विजेवरची लोकल सुरू झाली, आणि पंचवीस-पन्नास मैलांवरच्या माणसांनी संध्याकाळी एकत्र जमून त्याच रात्री आपापल्या घरी परतावे, ही कल्पना शक्य कोटीतली झाली. १८६५ साली मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे आले होतेच. मध्यरात्रीच्या आगेमागे एकट्या माणसाने लांबचा प्रवास करणे ही गोष्ट अशी अवघी शंभर-सव्वाशे वर्षांची आहे. स्त्रियांच्या बाबतीत त्याहूनही अलीकडची. १९४८ च्या कारखाने कायद्याने संध्याकाळी ७ ते सकाळी ६ ह्या वेळात स्त्रियांना कारखान्यात कामाला लावण्यावर बंधन घातले. ते बंधन संरक्षणासाठी होते हे खरे. पण रात्र ही स्त्रीची वेळ नव्हे, असे त्यातून सरकारी भाषेत सांगितले गेले हेही खरे.

ह्या भूमिकेला प्रत्युत्तर मिळाले ते रस्त्यावर. इंग्लंडमध्ये यॉर्कशायर भागात स्त्रियांचे खून होत असताना पोलिसांनी स्त्रियांनाच रात्री घराबाहेर पडू नका म्हणून सांगितले, तेव्हा १९७७ च्या नोव्हेंबरात लीड्स शहरातील स्त्रियांनी रात्री मोर्चा काढला. गुन्हा एकाने करायचा आणि संचारबंदी दुसऱ्याने पाळायची, हा कुठला न्याय, असा त्यांचा सवाल होता. अलीकडे, २०२४ च्या ऑगस्टमध्ये, स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या मध्यरात्री कोलकात्यात आणि बंगालभर हजारो स्त्रिया रस्त्यावर आल्या, त्यामागेही हाच सवाल होता. आपल्या मुंबईपुरते पाहायचे तर शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे ह्यांचे ‘व्हाय लॉयटर?’ हे २०११ सालचे पुस्तक प्रत्येक समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याने वाचावे असे आहे. मुंबईतली स्त्री बाहेर दिसते खरी, पण ती नेहमी कशासाठी तरी बाहेर असते: नोकरी, शिकवणी, भाजी, मुलाची शाळा. उगाच, बिनकामाचे हिंडण्याचा हक्क तिला नाही. आणि तो मिळाल्याशिवाय शहर तिचे झाले असे म्हणता येणार नाही, अशी लेखिकांची मांडणी आहे.

मला ही मांडणी पटते. तरीही तिच्यापुढे माझी एक अडचण उभी राहते. हक्क मान्य झाला तरी आसनगावची गाडी हक्काने लवकर येत नाही.

येथे थोडे आमच्या वाचनमंडळाविषयी सांगणे भाग आहे. हे मंडळ फोनवरचे. बावीस सभासद, विरार, ठाणे, पनवेल, आसनगाव आणि पुणे असे विखुरलेले. दर पंधरवड्याला एका पुस्तकावर बोलायचे आणि वर्षातून एकदा प्रत्यक्ष भेटायचे. ह्या वेळी आखणीचे काम मजकडे आले. मी पहिल्या दिवशी सर्वांना कळविले की, संमेलन रविवारी दादरला आहे. तासाभरात एका मैत्रिणीने आपल्या आईचा निरोप जसाच्या तसा पाठविला: “कार्यक्रम सुरू कधी होतो ते नको सांगूस, संपतो कधी ते सांग.” ह्या माउलीने आखणीचे अर्धे शास्त्र एका वाक्यात सांगितले आहे. मी आरंभाची वेळ खोडली आणि शेवटाकडून मोजायला लागले.

दादर का, हे आधी सांगते. मध्य आणि पश्चिम दोन्ही रेल्वे तेथे मिळतात, म्हणून. परंतु हार्बरची गाडी दादरला येत नाही. पनवेलकरांना कुर्ल्याला उतरून गाडी बदलावी लागते. रात्री त्या पुलावरून एकटीने जाणे आणि चौघींनी जाणे ह्यांत फार अंतर आहे. दादरला ऑटोरिक्षाही नाहीत; त्या वांद्रे आणि शीव ह्यांच्या दक्षिणेला येत नाहीत. तेव्हा सभागृह स्टेशनापासून चालत जाण्याजोगे आणि दुकाने उघडी असलेल्या रस्त्यावर हवे. भाडे चार पैसे जास्त पडले तरी चालेल. शिवाय २०२३ च्या डिसेंबरपासून दादरच्या फलाटांना सलग क्रमांक मिळाले आहेत, १ ते ७ पश्चिम आणि ८ ते १४ मध्य. त्यामुळे ‘एक नंबरवर भेटू’ म्हटले की जुनी माणसे अजून एकीकडे आणि नवी दुसरीकडे उभी राहतात. जागा सांगताना फलाटाच्या क्रमांकाऐवजी पूल किंवा तिकीटखिडकी सांगावी.

आता हिशेब. जी व्यक्ती सर्वांत लांब आणि सर्वांत गैरसोयीच्या ठिकाणी राहते, तिच्यापासून तो सुरू करायचा. आमच्यात ती आसनगावची. कल्याणच्या पुढे रेल्वेला दोन फाटे फुटतात, एक कर्जतकडे आणि एक कसाऱ्याकडे. कसाऱ्याच्या वाटेवरच्या कित्येक गाड्या टिटवाळ्यालाच थांबतात. पावणेअकराला तिने घरी असावे असे धरले. स्टेशन ते घर पंधरा मिनिटे, म्हणजे साडेदहाला उतरणे. दादरहून सुमारे पावणेदोन तास, म्हणजे पावणेनऊच्या आत गाडीत बसणे. सभागृहातून फलाटावर जाण्यास रविवारच्या गर्दीत वीस मिनिटे, म्हणजे आठ वाजून वीस मिनिटांनी बाहेर पडणे. मराठी माणूस ‘निघतो’ म्हटल्यापासून खरोखर निघेपर्यंत उंबऱ्यात वीस मिनिटे बोलतो, म्हणून शेवटचे भाषण आठला संपले पाहिजे. रविवारी दिवसा बहुधा मेगाब्लॉक असतो आणि येणाऱ्यांना उशीर होतो, म्हणून आरंभ साडेचारला. झाली वेळ निश्चित. ज्यांना दहापर्यंत गप्पा मारायच्या आहेत त्या दादर-माटुंग्याच्या मंडळींनी खुशाल माराव्यात. मात्र मुख्य कार्यक्रम त्या वेळेसाठी राखून ठेवायचा नाही. चांगली वस्तू शेवटी ठेवण्याची संयोजकांना फार हौस असते. लांबचे लोक ती कधीच पाहू शकत नाहीत.

शेवटची गाडी ह्या हिशेबात धरायची नाही, हेही आम्ही ठरविले. लोकलगाड्या रात्री साधारण एक ते चार ह्या वेळात बंद असतात. शेवटची चुकली की फलाटावर पहाट. त्या धास्तीने माणसे धावतात, रूळ ओलांडतात, चालत्या गाडीचा दांडा धरतात. मुंबई उपनगरी रेल्वेवर २०२३ ह्या एका वर्षात २,५०० हून अधिक माणसे मृत्यू पावली. त्यांतली फार मोठी संख्या रूळ ओलांडणाऱ्यांची आणि गाडीतून पडणाऱ्यांची आहे. रात्रीचे भय म्हटले की आपल्याला फक्त गुंड दिसतो. प्रत्यक्षात घाई हाही एक गुंडच आहे, आणि तो मुलगे आणि मुली असा भेद करीत नाही. म्हणून ‘पोहोचलो’ असा निरोप मुलांनीही द्यायचा, असा नियम केला. “आम्हाला काय होतंय?” असे दोघा-तिघांनी म्हटले. त्यांना सांगितले, काही होत नसेल तर दोन शब्द लिहायला कष्ट पडणार नाहीत.

निरोप घेणारा कोणीतरी जागा असावा लागतो. गावगाड्यात रात्रीच्या पहाऱ्याला जागल्या असे. त्याचे नाव आम्ही ह्या कामाला दिले. जागल्याकडे बावीस नावांची यादी, प्रत्येकापुढे गाडी, सोबती आणि घरच्या एका माणसाचा फोन. निरोप आला की नावापुढे खूण. ठरल्या वेळेनंतर अर्ध्या तासात खूण झाली नाही तर आधी त्या व्यक्तीला फोन, मग सोबत्याला, मग घरी. आणि तरीही पत्ता नसेल तर ११२. रेल्वेतल्या अडचणीसाठी १३९ आहे. हे क्रमांक सर्वांना ठाऊक असतात, पण फोन कोणी करायचा आणि केव्हा, हे ठरलेले नसते; त्यामुळे दहाजण काळजी करतात आणि कोणीच काही करीत नाही. जागल्या एकच असावा. आणि तो स्वतः प्रवासात नसावा, घरी पोहोचलेला असावा. म्हणून आम्ही दादरलाच राहणारा सभासद निवडला.

सोबतीच्या जोड्या लावणे हे मात्र नाजूक काम निघाले. नकाशावर सोपे दिसते: विरारचे दोघे एकत्र, ठाण्याच्या तिघी एकत्र. पण ही माणसे एकमेकांना केवळ आवाजाने ओळखतात. वर्षभर कादंबऱ्यांवर सुंदर बोलणारा मनुष्य रात्री सोबतीला भरवशाचा असेलच असे नाही, आणि ‘मी तुला गाडीने सोडतो’ हा आग्रह नाकारणे संकोची मुलीला जड जाते. म्हणून जोड्या ज्याच्या त्याला विचारून, खासगीत लावल्या, आणि कोणाला कोणाबरोबर जायचे नसेल तर कारण विचारायचे नाही असे ठरविले. महिलांच्या डब्यातून जाणाऱ्या मुलींनी चोवीस तास राखीव असल्याचे लिहिलेला डबा पाहूनच चढावे, हेही कळविले.

भाड्याच्या गाडीने सर्वांना घरोघरी सोडावे, अशी एक सूचना आली होती. तिचा विचार करताना २०१७ चा महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापना कायदा वाचला. रात्री साडेनऊनंतर स्त्रियांना, त्यांच्या संमतीने, कामावर ठेवण्यास हा कायदा परवानगी देतो. मात्र त्यांना घराच्या दारापर्यंत पोहोचविण्याची जबाबदारी मालकावर टाकतो. दारापर्यंत! स्टेशनापर्यंत नव्हे. हा शब्द मला फार मोलाचा वाटला. पण गाडी दिली म्हणजे जबाबदारी संपली असेही नाही. २००७ साली पुण्यात रात्रपाळीला निघालेल्या एका तरुण कर्मचारिणीचा, तिला न्यायला आलेल्या गाडीच्या चालकानेच साथीदाराच्या मदतीने खून केला. गाडीत ती एकटी होती. तेव्हापासून, शेवटी उतरणारी व्यक्ती एकटी स्त्री असू नये, हा विचार रूढ होऊ लागला. आमच्याजवळ गाडीचे पैसे नव्हतेच. परंतु रिक्षा-टॅक्सीने जाणाऱ्यांसाठी हाच क्रम आम्ही घेतला. गाडीचा क्रमांक जागल्याकडे, आणि जिचे घर शेवटी तिच्या घरचे कोणी खाली येऊन उभे राहणार.

पुण्याच्या तिघींसाठी काहीच बसेना. डेक्कन क्वीन मुंबईहून संध्याकाळी पाचच्या सुमारास सुटते. म्हणजे आमचा आरंभ होतो न होतो तोच त्यांना उठावे लागणार. रात्रीच्या बसने जावे तर पुण्यात उतरायची वेळ अवेळी. अखेर माटुंग्याच्या एका सभासदाच्या आईने तिघींना ठेवून घेतले. त्या रात्री तेथे तीन वाजेपर्यंत कवितांवर वाद चालला होता असे नंतर कळले. मंगळागौरीचा जुना तोडगा शेवटी कामी आला, आणि संमेलनाचा उत्तम भाग त्यांनाच मिळाला, ह्याचा इतरांना थोडा हेवाही वाटला.

जागल्याच्या यादीवर शेवटची खूण अकरा वाजून दहा मिनिटांनी झाली. आसनगावची गाडी वाटेत रखडली होती. हिशेबात पंचवीस मिनिटांची चूक पडली, ती पुढच्या वेळी धरावी लागेल. त्या मैत्रिणीनेच आता अशी मागणी केली आहे की, दर वर्षी तिनेच का सर्वांत लांबचा प्रवास करावा. एकदा संमेलन कल्याणला घ्यावे. मागणी रास्त आहे. विरारकरांनी मात्र लगेच कुरकूर सुरू केली आहे, कारण वसई-दिवा मार्गावर गाड्या अगदी मोजक्या आणि दादरवरून वळसा घालायचा तर रात्र उलटते. त्यांच्यासाठी कल्याणात कोणाच्या घरी मुक्कामाची सोय होते, हे सध्या मी विचारीत फिरत आहे.