आजोबांना ऐकू येत नाही?



२०११ च्या जनगणनेत भारतातील साठी ओलांडलेल्यांची संख्या दहा कोटींहून अधिक होती. ती वाढतच आहे. २००७ च्या कायद्याने वृद्ध आईवडिलांना मुलांकडून निर्वाहखर्च मागण्याचा हक्क दिला. सोबत मात्र कायदा देऊ शकत नाही.

आजोबांना कमी ऐकू येऊ लागले की घरचे त्यांच्याशी बोलणे कमी करतात. हळूहळू तेही गप्प होतात. ‘वयच झालं’ म्हणून आपण सोडून देतो. पण उपचार न झालेल्या बहिरेपणामुळे एकाकीपणा येतो आणि स्मृतिभ्रंशाचा धोकाही वाढतो.

म्हणून त्यांचे कान तपासून घ्या. समोर बसून सावकाश बोला. चौथ्या आज्ञेतला मान त्यांच्या ताटापुरता नाही, त्यांच्या शब्दालाही आहे.