कुंडीतली जास्वंद : फूल हवे, डास नको

भोईवाडा, नायगाव, परळ भागातील चाळींच्या गॅलऱ्यांत कुंडीत, तेलाच्या डब्यात, फुटक्या बादलीत वाढलेली जास्वंद आपण रोज पाहतो. पावसाळ्यात फांदी खोचली की ती जगते, म्हणून एका घरातून दुसऱ्या घरात सहज जाते. या अंकात आपण तिची लागवड समजून घेऊ आणि कुंडीच्या वाटेने घरात शिरणारा डेंग्यू कसा रोखायचा तेही पाहू.

ओळख

भेंडी, अंबाडी आणि कापूस ही जास्वंदीच्याच कुळातली झाडे. ज्या कापसावर गिरणगावातल्या कामगारांच्या पिढ्यांनी हयात घालवली, त्याचे फूल आणि भेंडीचे फूल जास्वंदीशेजारी ठेवून पाहा. पाच पाकळ्या आणि मधोमध पुंकेसरांची नळी. नाते लगेच ध्यानात येते.

लागवड

जून-जुलैमध्ये पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांबीची फांदी घ्यावी. खालची पाने काढून दोन-तीन डोळे मातीत जातील अशी ती लावावी आणि सावलीत ठेवावी. नवी पालवी धरली की दहा-बारा इंची, तळाला भोक असलेल्या कुंडीत हलवावी. दोन भाग माती, एक भाग शेणखत किंवा गांडूळखत आणि थोडी वाळू पुरते.

निदान चार-पाच तास ऊन लागते. नाहीतर पाने येतात, फुले येत नाहीत. फूल नव्या फुटीवर येते, म्हणून पावसाळ्यानंतर हलकी छाटणी करावी. वरची माती बोटाला कोरडी लागली तरच पाणी द्यावे.

शेंड्यावर कापसासारखा पांढरा थर दिसला तर तो पिठ्या ढेकूण. किडलेला शेंडा कापून टाकावा, बाकीची किडे ओल्या फडक्याने पुसून साबणाचे पाणी फवारावे. जिथे कपडे वाळतात आणि मुले खेळतात, त्या गॅलरीत विषारी औषध मारू नये.

खरा धोका ताटलीत

डेंग्यू पसरवणारा एडिस डास गटारात नव्हे, तर साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. कुंडीखालची ताटली त्याला पुरेशी आहे. अंड्यापासून डास व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात. म्हणून :

१. ताटली काढून टाकावी. ठेवायचीच असेल तर आठवड्यातून एकदा रिकामी करावी.
२. नुसते पाणी ओतून भागत नाही. अंडी कडेला चिकटतात आणि कोरडी राहूनही महिनोन्‌महिने जगतात. ताटली घासून धुवावी.
३. रिकामे डबे, माठ, पिंप उपडे किंवा झाकून ठेवावेत.
४. हा डास दिवसा चावतो. लहान मुलांना दिवसाही मच्छरदाणीत झोपवावे.

ताप दोन दिवसांत उतरला नाही तर दवाखान्यात जाऊन रक्त तपासावे. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या मनाने घेऊ नयेत. डेंग्यूत त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. ताप उतरताना पोटात जोराचे दुखणे, सतत उलट्या किंवा हिरड्यांतून रक्त आले तर रुग्णाला लगेच मोठ्या रुग्णालयात न्यावे.

जास्वंदीचा चहा आणि रक्तदाब

‘जास्वंदीच्या चहाने रक्तदाब उतरतो’ असे निरोप मोबाइलवर फिरतात. ज्या चहावर अभ्यास झाले, तो लाल अंबाडीच्या बोंडांचा आहे. गॅलरीतल्या जास्वंदीचा नव्हे. त्यानेही रक्तदाब थोडासाच उतरतो. त्याच्या भरवशावर चालू गोळी बंद करणे म्हणजे पक्षाघाताला बोलावणे. गरोदर बाईने असे काढे घेऊच नयेत.

आमची सूचना साधी आहे. प्रत्येक मजल्याने आठवड्यातला एक दिवस ‘कोरडा दिवस’ ठरवावा. एखादे घर गावी गेले असेल, तर त्यांच्या कुंड्या शेजाऱ्यांनी पाहाव्यात. डास कोणाच्या दारातला, हे चावताना तो पाहत नाही.