तुमच्या व्यवसायात बर्ट कोण आणि अर्नी कोण?



भागीदारी मोडली की लोक म्हणतात, "पैशावरून बिनसलं." पण बरेचदा पैसा हे निमित्त असतं, खरं भांडण स्वभावाचं असतं. आज स्वभाव ओळखायची एक सोपी युक्ती पाहू, तीही बाहुल्यांकडून!

दोन बाहुले

'सेसमी स्ट्रीट' हा मुलांचा कार्यक्रम अमेरिकेत १९६९ साली सुरू झाला. २००६ मध्ये त्याचा भारतीय अवतार 'गली गली सिम सिम' आपल्याकडे आला. मूळ कार्यक्रमात बर्ट आणि अर्नी हे दोन मित्र एकत्र राहतात. बर्टला सगळं जागच्या जागी लागतं. अर्नी खोडकर, काहीतरी उचापती करत राहणारा. २०१२ मध्ये डालिया लिथविक या पत्रकार महिलेने गमतीत मांडलं की माणसंही अशी दोनच प्रकारची असतात: शिस्तवाली आणि गोंधळवाली. हे काही शास्त्र नाही, बरं का. पण कामाची वाटणी करायला उपयोगी आहे.

ओळखायचं कसं?

समजा, तुम्ही दोघी मैत्रिणी घरून संत्रा बर्फी विकता. दिवाळीच्या तोंडावर अचानक ५० डब्यांची ऑर्डर आली.

- "घेऊन टाक, बघू नंतर!" म्हणणारी अर्नी.
- "खवा किती लागेल? ॲडव्हान्स किती घ्यायचा?" विचारणारी बर्ट.

दोघीही बरोबर आहेत. नुसत्या अर्नी असतील तर ऑर्डर भरपूर, पण उधारी वसूल होत नाही. नुसत्या बर्ट असतील तर वही चोख, पण गिऱ्हाईक वाढत नाही.

काम कसं वाटायचं?

- अर्नीकडे: प्रदर्शनातला स्टॉल, नवीन चवी, गिऱ्हाइकाशी बोलणं.
- बर्टकडे: खरेदी, हिशोब, उधारीची वही, जीएसटीच्या तारखा.
- दोघींमध्ये एक लेखी नियम: उदाहरणार्थ, २,००० रुपयांपर्यंतचा प्रयोग अर्नीने न विचारता करावा, त्यावरच्या खर्चाला दोघींची सही.

हा नियम भांडण व्हायच्या आधी लिहा. नंतर लिहिला तर तो टोमणा वाटतो.

आता अर्धवटरावांचा धडा

आपले शब्दभ्रमकार रामदास पाध्ये आठवा. वडिलांनी घडवलेला अर्धवटराव त्यांच्या शेजारी बसून वाट्टेल ते बोलतो आणि पाध्ये शांतपणे त्याला सांभाळून घेतात. पण दोन्ही आवाज एकाच माणसाचे! 'झपाटलेला' (१९९३) मधला तात्या विंचू त्यांचाच आणि लिज्जत पापडच्या जाहिरातीतला हसरा ससाही त्यांचाच.

म्हणजे काय? बर्ट किंवा अर्नी ही भूमिका आहे, माणसावरचा शिक्का नाही. "तो गोंधळ्याच आहे, त्याला हिशोब काय जमणार!" असं ठरवून टाकलं की तो माणूस शिकायचं सोडतो. चांगला मदतनीस हातचा जातो, तो असा.

आणि तुम्ही एकटेच व्यवसाय करत असाल तर? मग दोन्ही आवाज तुम्हालाच काढावे लागतील. सकाळी दुकानात अर्नी व्हा, रात्री गल्ला मोजताना बर्ट. फक्त एकाच वेळी दोघांना बोलू देऊ नका. गिऱ्हाईक समोर असताना मनात उधारी मोजत बसलात तर विक्रीही जाते आणि हिशोबही चुकतो.

या आठवड्याचा गृहपाठ

१. सात दिवसांत केलेली सगळी कामं लिहा.
२. प्रत्येकापुढे 'ब' किंवा 'अ' लिहा.
३. जी कामं पुढे ढकलली, त्यांवर गोल करा.

सगळे गोल एकाच अक्षराभोवती पडले? मग पुढचा भागीदार किंवा मदतनीस त्या अक्षराचा शोधा. आपल्यासारखाच शोधलात तर गप्पा रंगतील, पण ढकललेली कामं तशीच पडून राहतील.